हवेचा हिशेब आणि तेलाचे माप



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या गावोगावी उन्हाळ्याच्या संध्याकाळी व्याख्याने ऐकण्याची आपल्याला सवय लागली आहे. या व्यासपीठावरून संतांविषयी, शिवकालाविषयी, राज्यघटनेविषयी विद्वान मंडळी बोलतात आणि ते योग्यच आहे. मी विद्वान नव्हे. माझी शाळा लवकर सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते कामगारांच्या सभांत, चौकशीच्या कागदपत्रांत आणि रात्री शब्दकोश उशाशी घेऊन वाचलेल्या यंत्रांच्या पुस्तकांत. म्हणून मी आज इतिहासच सांगणार आहे, पण तो राजाचा नाही, लढाईचाही नाही. इंजिनाला हवा किती द्यावयाची आणि तेल किती द्यावयाचे, या एका साध्या प्रश्नाचा तो इतिहास आहे. प्रश्न साधा खरा. पण त्याच्या चुकलेल्या उत्तरापायी माणसांच्या नोकऱ्या गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

मी चुडाव्याचा. आपल्यापैकी बहुतेकांनी आमच्या गावाचे नाव गाडीच्या खिडकीतूनच वाचले असेल. पूर्णा आणि नांदेड यांच्या मध्ये लागणारे हे लहानसे स्टेशन. १९०० सालाच्या सुमारास हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे या नावाने सिकंदराबादपासून मनमाडपर्यंत मीटरगेजचा रस्ता निजामाच्या राज्यातून गेला, त्याच रस्त्यावर आम्ही वाढलो. माझे वडील रेल्वेच्या गँगमध्ये होते. गाडी येण्याआधी ते रुळाकडे पाहत आणि गाडी गेल्यावर धुराकडे. "आज इंजिनाचं पोट बिघडलंय," असे ते कधी कधी म्हणत. त्या वाक्याचा अर्थ मला कळावयास पुढे वीस वर्षे लागली.

आधी इंजिनाचे पोट म्हणजे काय ते पाहू. घरातल्या चुलीचेच उदाहरण घ्या. चुलीत लाकडे नेमकी असली आणि वारा खेळता असला की जाळ निर्मळ लागतो. लाकडे कोंबली आणि वारा तेवढाच राहिला, तर घर धुराने भरते, भांडी काळी होतात आणि भाकरी मात्र कच्चीच राहते. मग माउली फुंकणी घेते. फुंकणीने लाकूड वाढत नाही, वाढते ती हवा; परंतु हवा वाढली म्हणजे चुलीला आणखी एखादे लाकूड पचवता येते. लोहाराचा भाता हेच काम मोठ्या प्रमाणावर करतो. डिझेल इंजिनाची गोष्ट याहून निराळी नाही. एक किलो डिझेल पुरते जळण्यास सुमारे साडेचौदा किलो हवा लागते आणि धूर होऊ द्यावयाचा नसेल तर प्रत्यक्षात त्याहून बरीच अधिक द्यावी लागते. आपल्या विहिरींवर धडधडणारी कूपर आणि किर्लोस्कर ही जुनी इंजिने स्वतःच्या ओढीने येईल तेवढीच हवा घेत. त्यामुळे त्यांच्या शक्तीला मर्यादा होती. सिलिंडरात मावेल तेवढी हवा आणि त्या हवेत जळेल तेवढेच तेल!

ही मर्यादा ओलांडावयाची तर इंजिनाला भाता लावावयास हवा. बाहेरून दाबून हवा भरणाऱ्या या भात्याला सुपरचार्जर म्हणतात. पहिल्या सुपरचार्जरांना फिरविण्यासाठी इंजिनाचीच थोडी शक्ती खर्चावी लागे. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याला वाटले की, धुरांड्यातून जी गरम वाफ आणि धूर वाया जातो, त्याच्याच जोरावर हा भाता का फिरवू नये? १९०५ साली त्याने या कल्पनेचे पेटंट घेतले. कल्पना कागदावर सुंदर होती, पण तिला लोखंडात उतरविण्यास वीस वर्षे गेली. १९२५ साली त्याने एका दहा सिलिंडरांच्या डिझेल इंजिनाची शक्ती १७५० अश्वशक्तीवरून २५०० वर नेऊन दाखविली. धुराच्या जोरावर फिरणाऱ्या या भात्याचे नाव टर्बो-सुपरचार्जर. आपल्या रेल्वे शेडमधील कामगार त्याला नुसते 'टर्बो' म्हणतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हवा वाढविणे हे निम्मेच काम आहे. हवा वाढली की तेलाचे माप पुन्हा ठरवावे लागते आणि ते न ठरविता नुसता भाता लावणारा मनुष्य इंजिनाचा वैरीच समजावा. दुसऱ्या महायुद्धात हे फार ठळकपणे दिसले. निजामाच्या देणगीमुळे 'हैदराबाद' हे नाव लावलेली १५२ क्रमांकाची ब्रिटिश विमानतुकडी १९४० साली इंग्लंडच्या आकाशात स्पिटफायर विमाने उडवीत होती. ती देणगी ज्या खजिन्यातून गेली, त्यात आपल्या मराठवाड्याच्या शेतसाऱ्याचाही पैसा होता. शेतकऱ्याला मात्र कोणी विचारले नव्हते. त्या विमानांच्या मर्लिन इंजिनाला सुपरचार्जर होता. आधी त्याचा दाब चौरस इंचाला सव्वासहा पौंडांपर्यंतच नेता येई. त्यापुढे गेले तर पेट्रोल वेळेआधी भडकून इंजिन ठोके खाऊ लागे. १०० ऑक्टेनचे अधिक सोशीक पेट्रोल आले तेव्हा तोच दाब १२ पौंडांपर्यंत नेता आला. भात्यात जोर आधीपासून होता. तो वापरता आला तो इंधन त्याला साजेसे मिळाले तेव्हा.

आता आपल्या रुळांकडे येऊ. अमेरिकेतील अल्को कंपनीकडून १९६२ साली भारतात २६०० अश्वशक्तीची डिझेल इंजिने आली. सोळा सिलिंडरांच्या या इंजिनाचे नाव डब्ल्यूडीएम-२. वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समधून १९६४ साली ती बाहेर पडू लागली. पुढे १९६९ साली खुद्द अल्कोने इंजिने बांधणे बंद केले. पण तिचे इंजिन वाराणसीचे कामगार कित्येक दशके बांधीत राहिले. आई गेली आणि लेकरू परक्या घरी वाढून कर्ते झाले, तसा हा प्रकार. आमच्या रस्त्यावर ही मोठी इंजिने उशिरा आली. रुंदीकरणासाठी मराठवाड्याला फार झगडावे लागले. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे वडीलधारे त्यासाठी रस्त्यावर उतरले होते. १९९० नंतरच्या दशकात मीटरगेज उखडून ब्रॉडगेज झाले आणि चुडाव्याच्या फलाटासमोरून अल्कोच्या जातीची इंजिने जाऊ लागली. त्यांचा तो घोगरा, अडखळता आवाज ज्यांनी ऐकला ते विसरणार नाहीत.

या इंजिनाला टर्बो जन्मापासूनच होता. परंतु १९७३ साली जगात खनिज तेलाचे भाव भडकले आणि डिझेलचा थेंब न् थेंब मोजण्याची पाळी आली. लखनौच्या रेल्वे संशोधन संस्थेने, म्हणजे आरडीएसओने, १९८० नंतरच्या दशकात या इंजिनाच्या पोटात सुधारणा करावयास घेतली. जुन्या टर्बोच्या जागी अधिक कार्यक्षम टर्बो आले. दाबलेली हवा तापते आणि तापलेली हवा विरळ होते. म्हणून ती थंड करणारा आफ्टरकूलर मोठा केला. झडपा उघडण्या-मिटण्याची वेळ ठरविणारा कॅमशाफ्ट बदलला. पिस्टनला पोलादी टोपी आली. आणि तेल टोचणारा जो फ्युएल पंप प्रत्येक सिलिंडरला असतो, त्याच्या दट्ट्याचा व्यास १५ मिलिमीटरवरून १७ मिलिमीटर करण्यात आला. या साऱ्या बदलांनी तेलाची बचत शेकडा पाच-सहाच्या घरात गेली. पुढे याच पायावर, तेवढ्याच सोळा सिलिंडरांतून ३१०० अश्वशक्ती काढणारे इंजिन १९९४ साली वाराणसीत तयार झाले आणि पतियाळाच्या कारखान्याने कित्येक जुनी इंजिनेही त्या शक्तीची करून दिली.

मंडळी, १५ आणि १७ यांत फरक किती? दोन मिलिमीटर! तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढा. पण गणित करून पाहा. दट्ट्याचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढते. पंधराचा वर्ग २२५, सतराचा २८९. म्हणजे दट्ट्या तेवढाच सरकला तरी तेल शेकडा २८ अधिक जाते. सव्वापटीहून जास्त! नवा पंप बसवावयाचा तो जास्त तेल ओतण्यासाठी नव्हे. तेवढेच तेल थोडक्या वेळात, जोराने, बारीक फवाऱ्याने टोचले जावे आणि पुरते जळावे, यासाठी तो असतो. तेव्हा नवा पंप बसवून जुनी खूण तशीच ठेवली तर काय होईल, हे सांगावयास इंजिनिअर नको. चुलीपुढे बसलेली माउलीही सांगेल.

ही खूण असते रॅकवर. रॅक म्हणजे दात्यांची एक दांडी. ती पुढे-मागे सरकली की पंपाचा दट्ट्या थोडा वळतो आणि त्याच्या अंगावरच्या तिरक्या खाचेमुळे तेल कमी-अधिक होते. सोळा पंपांच्या सोळा रॅक एका दांड्याला जोडलेल्या असतात आणि तो दांडा गव्हर्नर हलवितो. ड्रायव्हरने नॉच वाढविला की गव्हर्नर वेग वाढविण्यासाठी तेल सोडतो. पण टर्बोला वेग घ्यावयास काही क्षण लागतात, कारण त्याला फिरविणारा धूर आधी निर्माण व्हावा लागतो. तेल ताबडतोब आले आणि हवा मागाहून आली, म्हणजे मधल्या क्षणांत काळा लोट उठतो. स्टेशनातून गाडी सुटताना आपण जो लोट पाहत होतो, तो बहुधा हाच. तो क्षणभर उठून विरला तर फारसे बिघडत नाही. पण इंजिन चालीला लागल्यावरही धूर काळाच राहिला, तर कोठेतरी माप चुकले आहे. माझ्या वडिलांचे 'पोट बिघडले' ते हेच.

मग माप बसवावयाचे कसे? शेडमध्ये यासाठी लोडबॉक्स असतो. इंजिन जागेवर उभे करून त्याच्या जनित्राची वीज पाण्याच्या टाकीत बुडविलेल्या पत्र्यांतून सोडतात. पत्रे जसजसे खाली जातात तसतसा भार वाढतो. पाणी उकळू लागते, वाफेचे ढग उठतात आणि इंजिन एका जागी उभे राहून जणू घाट चढत असते. व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार करून किती वॉट निघाले ते पाहावयाचे. ७४६ वॉट म्हणजे एक अश्वशक्ती. मग एकेका नॉचवर थांबून हवेचा दाब पाहावयाचा, प्रत्येक सिलिंडरच्या धुराचे तापमान पाहावयाचे, रॅक किती उघडली ते मोजावयाचे. शक्ती पुरी आहे पण रॅक प्रमाणाबाहेर उघडली आहे, तर तेल वाया चालले. रॅक पुरी आहे पण हवेचा दाब कमी, तर टर्बो थकला आहे किंवा नळीतून हवा गळते आहे. सोळांपैकी एकच सिलिंडर फार तापत असेल, तर सगळ्या रॅकना हात लावावयाचा नाही; त्या एकाचा पंप काढून मापाच्या नळ्यांवर तपासावयाचा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची. दोन स्क्रू एकदम फिरविले तर गुण कोणाचा आणि दोष कोणाचा, हे ब्रह्मदेवालाही कळत नाही.

जाणते फिटर याखेरीज धुराचा रंग पाहत. काळा धूर म्हणजे तेलाच्या मानाने हवा अपुरी. निळा धूर म्हणजे वंगणाचे तेल जळते आहे. पांढरा धूर म्हणजे तेल न पेटताच वाफ होऊन जाते आहे, किंवा कोठून पाणी शिरले आहे. काही जण डोळे मिटून नुसत्या आवाजावरून सांगत. या विद्येला पदवी नाही. १९७४ च्या मे महिन्यातील देशव्यापी रेल्वे संपाचा इतिहास पुस्तकांत आला आणि तो यावयासच हवा होता; पण संप नसताना रोज लोडबॉक्सच्या वाफेत उभे राहून ज्यांनी देशाचे डिझेल वाचविले, त्यांचा इतिहास कोणी लिहिला?

आता माझ्या अनुभवातली एक हकीकत सांगतो. गावाचे आणि कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या कारखान्यात विजेसाठी एक जुने डिझेल जनित्र होते. भार वाढला, नवे जनित्र घेण्यास पैसा नव्हता, म्हणून वरच्यांनी ठरविले की याच इंजिनाला मोठा टर्बो बसवावा. टर्बो आला, बसला. बाहेरून आलेल्या एका मिस्त्रीने फ्युएल पंपाचे सील तोडून तेलाचा स्क्रू अंदाजाने आत फिरविला. शक्ती वाढली, सगळे खूश. लोडबॉक्स नाही, धुराचे तापमान पाहण्याचे साधन नाही, नव्या सेटिंगचा कागद नाही. अकराव्या रात्री पिस्टन वितळून इंजिन जाम झाले. सकाळी रात्रपाळीच्या ऑपरेटरला निलंबनाचे पत्र मिळाले. आरोप असा की, त्याच्या निष्काळजीपणाने इंजिन जळाले.

तो सातवी शिकलेला मनुष्य. माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटेना. घरी तीन लेकरे, म्हातारी आई. मी त्याला एवढेच विचारले, "दादा, लॉगबुक लिहीत होतास का?" तो म्हणाला, "रोज लिहायचो साहेब, पण वाचतंय कोण?" चौकशीत आम्ही ते लॉगबुक मागविले. टर्बो बदलण्याच्या आधीच्या पानांवर धुराचा उल्लेख नव्हता. बदलल्यानंतरच्या दुसऱ्या रात्रीपासून, वेड्यावाकड्या अक्षरांत, प्रत्येक पाळीला एक ओळ होती. 'भार पुरा. धूर काळा.' तिसऱ्या रात्री, 'धूर काळा. फोरमनला सांगितले.' सहाव्या रात्री, 'नळी लाल दिसते.' अशा दहा रात्री.

मी तोवर त्या इंजिनाचे इंग्रजी पुस्तक मिळवून, एकेक शब्द कोशात पाहून, तेलाच्या सेटिंगचे प्रकरण वाचून काढले होते. त्यात स्पष्ट लिहिले होते की सील तोडून तेल वाढवू नये आणि टर्बो बदलल्यास पंप तपासून घ्यावा. मी चौकशी अधिकाऱ्यांना विचारले, "तोडलेले सील कोणाच्या हुकमाने तुटले? नव्या सेटिंगचा कागद कोठे आहे?" कागद नव्हताच. तीन महिन्यांनी त्याला कामावर परत घेतले. मधल्या पगाराचा निम्माच भाग मिळाला, हे मला आजही बोचते. त्या दिवसापासून आमच्या संघटनेच्या प्रत्येक सभेत मी दोन गोष्टी सांगत आलो. यंत्रात बदल केला की नवे माप लेखी मागा; आणि जे डोळ्यांनी दिसेल ते त्याच पाळीत लिहून ठेवा. मोर्चा पुढची गोष्ट, आधी वही.

या विषयाला आणखी एक बाजू आहे, ती फुप्फुसाची. चुकलेल्या मापाचा काळा धूर आकाशात जातो असे आपण समजतो. पण शेडमध्ये, जनित्राच्या खोलीत, गॅरेजात तो आधी माणसाच्या छातीत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला निश्चित कर्करोगकारक ठरविले. ज्या पिढीने बंद छपराखाली धूर पाहून माप बसविले, तिला हे कोणी सांगितले नव्हते. म्हणून तेलाचे माप बरोबर असणे हा केवळ मालकाच्या बचतीचा प्रश्न नव्हे. तो कामगाराच्या श्वासाचा प्रश्न आहे. या एका बाबतीत मालक आणि मजूर यांचे हित एकच असते आणि तरीही चाचणीचा खर्च वाचविण्यासाठी दोघांचेही नुकसान करून घेणारी माणसे मी पाहिली आहेत.

आज आमच्या रस्त्यावर विजेच्या तारा आल्या आहेत. वाराणसीच्या कारखान्याच्या नावातले 'डिझेल' २०२० साली गेले आणि तो बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स झाला. अल्कोच्या जातीची इंजिने एकेक करून मोडीत निघत आहेत. चुडाव्याच्या स्टेशनात गाडी येते तेव्हा धूर दिसत नाही आणि मला त्याचे दुःख नाही. माझे वडील असते तर त्यांनाही ते झाले नसते. दुःख एवढ्याचेच की, धूर पाहून रोग ओळखणारे डोळेही त्या इंजिनांबरोबर चालले आहेत आणि त्यांचे ज्ञान कोणी उतरवून घेतले नाही.

कोणी म्हणेल, डिझेल गेले, आता या व्याख्यानाचा उपयोग काय? अहो, रुळांवरून गेले म्हणून रस्त्यावरून कोठे गेले? बाहेर उभा असलेला ट्रक पाहा, खोदकामाचे यंत्र पाहा, मोठा ट्रॅक्टर पाहा. बहुतेकांच्या पोटात टर्बो आहे. त्यांतल्या पुष्कळांना आता संगणक तेलाचे माप देतो. पण त्या संगणकाला 'अधिक तेल दे' असे पढविणारा मनुष्य नाक्यावर बसलेलाच असतो. पूर्वी तो स्क्रू फिरवी, आता तो आकडा बदलतो. दोन-चार हजार रुपयांत गाडी जोराने पळू लागते आणि पुढे इंजिन बसते तेव्हा मालक ड्रायव्हरच्या अंगावर जातो. साधन बदलले, चूक तीच राहिली. आणि तिची किंमतही बहुधा तोच माणूस देतो, ज्याने स्क्रूला हात लावलेला नसतो.

तेव्हा आपल्यापैकी ज्यांच्या घरी गाडी आहे, ट्रॅक्टर आहे, कारखान्यात जनित्र आहे, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. शक्ती वाढवावयाची असेल तर जरूर वाढवा. ब्यूखीने वीस वर्षे खपून ती वाट आपल्याला दाखविली आहे. पण हवा वाढविलीत तर तेलाचे माप जाणत्या माणसाकडून, मोजून, भाराखाली तपासून घ्या आणि ते कागदावर लिहून यंत्राजवळ टांगा. आणि चालविणारा मनुष्य येऊन म्हणाला, "मालक, धूर काळा येतोय," तर तो कामचुकार आहे असे समजण्यापूर्वी एकदा बाहेर येऊन वर पाहा.